ऑटोकॅडमध्ये स्वतःचे शॉर्टकट कसे बनवायचे? आरेतल्या २,६४६ झाडांच्या उदाहरणातून समजून घ्या

आरे कॉलनीतल्या मेट्रो ३ च्या कारशेडवरून झालेला वाद बहुतेकांना आठवतो तो झाडांच्या आकड्यांमुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडांचं पुनर्रोपण करायला मंजुरी दिली. म्हणजे एकूण २,६४६ झाडं. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आज आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची ही मेट्रो धावते आहे.

या आकड्यांमागचं एक काम मात्र सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. झाडं, खांब, गटारं, विहिरी, घरं अशी कोणतीही गोष्ट नकाशावर दाखवायची, तर कुणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून ती एकेक करून मांडावी लागते. ते काम ड्राफ्ट्समनचं. एका झाडामागे २० सेकंद वाचले, तर २,६४६ झाडांमागे साधारण पावणेपंधरा तास वाचतात. म्हणजे जवळपास दोन दिवसांचं काम.

(कारशेडचे नकाशे कसे बनले, याची ही माहिती नाही. कामाचा आवाका लक्षात यावा म्हणून फक्त आकडा घेतला आहे.)

हे सेकंद कसे वाचवायचे? ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कमांड आपल्या सोयीने कशा बदलायच्या? आणि त्यात धोका काय?

थोडक्यात महत्त्वाचं

• कमांडचं छोटं नाव म्हणजे 'एलिअस'. तो बदलायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.
• कमांड आणि तिचे पर्याय एका क्लिकमध्ये हवे असतील, तर 'मॅक्रो' लागतो.
• एकच काम शेकडो वेळा करायचं असेल, तर एक्सेल आणि 'स्क्रिप्ट' ही जोडी सर्वात उपयोगी.
• डोकं चालवून निर्णय घेणारी कमांड हवी असेल, तर 'ऑटोलिस्प'.
• वेग वाढला की चूकही त्याच वेगाने पसरते. त्यामुळे शेवटी मोजणी करणं हा कामाचाच भाग आहे.

(या लेखात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कॉम्प्युटरवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

एलिअस म्हणजे काय?

ऑटोकॅड पहिल्यांदा १९८२ मध्ये बाजारात आलं. तेव्हापासून आजपर्यंत त्याची एक सवय कायम आहे: काय करायचं ते कमांड टाइप करून सांगायचं. रेघ मारायची तर 'लाइन', वर्तुळ काढायचं तर 'सर्कल', समांतर रेघ हवी तर 'ऑफसेट'.

दर वेळी पूर्ण शब्द कोण टाइप करणार? म्हणून छोटी नावं आली. 'एल' म्हणजे लाइन, 'सी' म्हणजे सर्कल, 'ओ' म्हणजे ऑफसेट, 'टीआर' म्हणजे ट्रिम, 'एमए' म्हणजे मॅचप्रॉप. ही नावं सॉफ्टवेअरच्या पोटात कोरलेली नसतात. ती 'अॅकॅड.पीजीपी' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि कुणालाही बदलता येते.

फाइलमधली एक ओळ अशी दिसते:

सीओ, *कॉपी

आधी छोटं नाव, मग स्वल्पविराम, मग चांदणी आणि तिला चिकटून कमांडचं पूर्ण नाव. बस, एवढंच व्याकरण.

नवा एलिअस कसा तयार करायचा?

१. 'मॅनेज' टॅबवर जावं. तिथल्या 'कस्टमायझेशन' पॅनेलमध्ये 'एडिट एलिअसेस' हा पर्याय असतो. त्यावर क्लिक केलं की फाइल थेट उघडते, ती फोल्डरांमध्ये शोधत बसावी लागत नाही.

२. काहीही बदलण्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

३. फाइलच्या अगदी शेवटी यावं. तिथे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या एलिअससाठी जागा ठेवलेली असते. एकच एलिअस दोनदा आला तर ऑटोकॅड शेवटची ओळ खरी मानतं. त्यामुळे वरच्या मूळ ओळी खोडायची गरज नाही. शेवटी लिहिलेली ओळ आपोआप जिंकते.

४. फाइल सेव्ह करून 'रीइनिट' ही कमांड द्यावी आणि समोर येणाऱ्या चौकटीत 'पीजीपी फाइल' वर खूण करावी. ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडलं तरी चालतं.

फाइलमध्ये काही सूचनाही लिहिलेल्या असतात. एलिअसमुळे किमान दोन अक्षरं तरी वाचावीत. आधी कमांडचं पहिलं अक्षर वापरून बघावं, ते मोकळं नसेल तर पहिली दोन, मग तीन. कंट्रोल बटणाने किंवा वरच्या एफ-बटणांनी जे होतं, त्यासाठी एलिअस करू नये.

कोणत्या कमांडचा एलिअस करावा?

इथे बहुतेकजण चुकतात. एखाद्याची तयार यादी व्हॉट्सअॅपवर येते, ती जशीच्या तशी चिकटवली जाते आणि दोन दिवसांत विसरली जाते. यादी स्वतःच्या कामातूनच निघायला हवी.

त्यासाठी 'लॉगफाइलऑन' ही कमांड आहे. ती दिली की दिवसभरात दिलेल्या सगळ्या कमांड एका फाइलमध्ये नोंदल्या जातात. संध्याकाळी ती फाइल उघडून कोणती कमांड किती वेळा आली ते मोजावं. नुसती नजर टाकायची असेल तर 'एफ२' दाबूनही मागच्या कमांड दिसतात.

मग दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ज्या कमांडला मुळात छोटं नावच नाही. 'लेआयएसओ' म्हणजे निवडलेला लेयर सोडून बाकी सगळे बाजूला करणं, 'लेएफआरझेड' म्हणजे लेयर गोठवणं, 'ओव्हरकिल' म्हणजे एकावर एक पडलेल्या जादा रेघा काढणं. या कमांड रोज लागतात, पण त्यांना सुरुवातीला एलिअस नसतो.

दुसरी, हात. उजव्या हाताने माउस धरणाऱ्याचा डावा हात की-बोर्डवर असतो. एलिअसमधली अक्षरं डाव्या बाजूला असतील तर माउस सोडावा लागत नाही. मूळ एलिअसमध्ये मात्र लाइनचं 'एल', मूव्हचं 'एम' आणि ऑफसेटचं 'ओ' ही अक्षरं उजवीकडे आहेत. उलट 'आर' हे सोयीचं अक्षर 'रीड्रॉ' या आता फारशा न लागणाऱ्या कमांडने अडवलेलं आहे. 'व्ही' 'व्ह्यू'कडे आहे आणि 'डब्ल्यू' 'डब्ल्यूब्लॉक'कडे. म्हणून अनेकजण 'व्ही'वर मूव्ह, 'आर'वर ऑफसेट आणि 'सी'वर कॉपी ठेवतात, आणि सर्कलला 'सीसी' देतात. डाव्या हाताने माउस धरणाऱ्यांनी याच्या उलट करायचं.

ही कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा कॉम्प्युटरवर चित्र काढायचा प्रोग्रॅम तयार केला. त्यात एका हातात प्रकाश-पेन असायचं आणि दुसऱ्या हाताखाली कमांडची बटणं. एक हात दाखवणार, दुसरा सांगणार. चांगला एलिअस अजूनही हेच साधतो.

दिवसाला ४०० कमांड आणि प्रत्येकी दीड सेकंद वाचला असं धरलं, तर रोजची १० मिनिटं होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर चार तासांहून जास्त.

एलिअसने काय होत नाही?

एलिअस फक्त कमांड सुरू करतो. तिचे पर्याय तो निवडू शकत नाही. 'झूम' करून त्यातलं 'एक्स्टेंट्स' निवडायचं, तर 'झेड' दाबून पुन्हा 'ई' दाबावंच लागतं. इथे मॅक्रो कामाला येतो.

'सीयूआय' ही कमांड दिली की एक खिडकी उघडते. तिथे नवी कमांड तयार करून तिचा मॅक्रो लिहिता येतो आणि ती बटणावर किंवा कंट्रोल-शिफ्टसारख्या जोडीवर बसवता येते. मॅक्रोमध्ये तीन खुणा लक्षात ठेवल्या की पुरे:

• ^सी^सी : आधीचं अर्धवट काम रद्द कर. बहुतेक मॅक्रोची सुरुवात यानेच होते.
• अर्धविराम (;) : इथे एंटर दाबलं असं समज.
• उलटी तिरकी रेघ (\) : इथे थांब आणि वापरणाऱ्याला माउसने जागा दाखवू दे.

झाड, खांब, मॅनहोल अशी चिन्हं वारंवार लागत असतील, तर 'टूल पॅलेट' आणखी सोपं पडतं. चिन्हाचा ब्लॉक पॅलेटवर ओढून ठेवायचा आणि त्याच्या प्रॉपर्टीमध्ये लेयर आणि स्केल ठरवून टाकायचं. त्यानंतर कोणताही लेयर चालू असला तरी झाड झाडांच्याच लेयरवर जाऊन बसतं.

लेयरची ही शिस्त मुंबईत फक्त नीटनेटकेपणापुरती नाही. महापालिकेच्या इमारत प्रस्ताव मंजुरीत 'ऑटो-डीसीआर' ही संगणकीय पद्धत वापरली जाते. ती पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीने बनवली आहे. त्यात नियमांची तपासणी सॉफ्टवेअर करतं, आणि भिंत कोणती, मोकळी जागा कोणती हे त्याला लेयरवरूनच कळतं. रेघ बरोबर पण लेयर चुकीचा असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती रेघ वेगळीच काहीतरी असते.

शेकडो झाडं एकदम कशी मांडायची?

आता मूळ प्रश्नाकडे. जमिनीवर सर्वेक्षण करताना टोटल स्टेशन किंवा जीपीएस उपकरणाने प्रत्येक झाडाची जागा नोंदली जाते. ती एक्सेलमध्ये येते: झाडाचा क्रमांक, पूर्वेकडचं अंतर, उत्तरेकडचं अंतर. ही यादी हातात असताना एकेक झाड माउसने मांडणं म्हणजे वेळही घालवणं आणि चुकाही ओढवून घेणं.

इथे 'स्क्रिप्ट' वापरायची. स्क्रिप्ट म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या कमांडची साधी मजकूर-फाइल. एक्सेलमध्ये '&' चिन्ह वापरून प्रत्येक झाडासाठी अशी एक ओळ तयार होते:

-इन्सर्ट झाड ४५०.२५,३१२.८० १ १ ० ५१७

सुरुवातीचं वजाचं चिन्ह महत्त्वाचं. त्यामुळे कमांडची चौकट उघडत नाही, सगळे प्रश्न कमांड लाइनवरच येतात. मग ब्लॉकचं नाव, जागा, दोन्ही दिशांचं स्केल, फिरवण्याचा कोन आणि शेवटी झाडाचा क्रमांक. सूत्र एका ओळीत लिहून खाली ओढलं की सगळ्या झाडांच्या ओळी तयार. त्या नोटपॅडमध्ये चिकटवायच्या, फाइल 'एससीआर' या प्रकाराने सेव्ह करायची आणि ऑटोकॅडमध्ये 'स्क्रिप्ट' कमांड देऊन ती निवडायची. तासांचं काम काही मिनिटांत होतं.

तोडायची, पुनर्रोपणाची आणि जागेवर राहणारी, अशी तीन प्रकारची झाडं असतील तर तीन वेगळ्या स्क्रिप्ट कराव्यात. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत 'सीलेयर' देऊन त्या प्रकारचा लेयर चालू करावा.

स्क्रिप्ट कुठे फसते?

• मोकळी जागा म्हणजे एंटर. एक जादा स्पेस पडली तर पुढचं प्रत्येक उत्तर चुकीच्या प्रश्नाला जातं. म्हणून ब्लॉकच्या नावातही मोकळी जागा ठेवू नये.

• ऑब्जेक्ट स्नॅप. 'ओस्नॅपकोऑर्ड' नावाची सेटिंग मुळात २ वर असते. तिचा अर्थ असा की हाताने टाइप केलेले आकडे स्नॅपपेक्षा वरचढ, पण स्क्रिप्टमधले आकडे तसे नाहीत. स्नॅप चालू राहिला तर नवं झाड शेजारच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या टोकाकडे ओढलं जाऊ शकतं. स्क्रीनवर काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. स्क्रिप्ट चालवण्याआधी 'एफ३' दाबून स्नॅप बंद करावा किंवा ही सेटिंग १ करावी.

• पूर्व-उत्तर उलटं. काही उपकरणं आधी उत्तरेचा आकडा देतात, मग पूर्वेचा. ऑटोकॅडला आधी पूर्वेचा लागतो. हे लक्षात आलं नाही तर सगळी झाडं तिरकी उलटून भलत्याच जागी उगवतात.

• अॅट्रिब्यूटची चौकट. 'एटीटीडीआयए' ही सेटिंग शून्य नसेल तर क्रमांक विचारायला चौकट उघडते आणि स्क्रिप्ट अडखळते.

म्हणून आधी पाच झाडांची छोटी स्क्रिप्ट चालवून बघावी. जमिनीवर ज्यांची जागा पक्की माहीत आहे, अशी पाच झाडं निवडावीत.

ऑटोलिस्प कधी लागतं?

स्क्रिप्ट डोळे मिटून चालते. 'घेर अमुक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठं चिन्ह लाव' असा निर्णय तिला घेता येत नाही. तो ऑटोलिस्प घेऊ शकतं. ही भाषा ऑटोकॅडमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आहे. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम नेहमीच्या कमांडसारखा नाव टाइप करून चालवता येतो. स्वस्तातल्या ऑटोकॅड एलटीमध्ये ती अनेक वर्षं नव्हती, २०२४ च्या आवृत्तीपासून आली.

इंटरनेटवर हजारो लिस्प फुकट मिळतात. पण अनोळखी लिस्प म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम. २०१२ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने 'अॅकॅड/मेड्रे.ए' नावाचा वर्म उघडकीला आणला. तो ऑटोलिस्पमध्ये लिहिलेला होता, मुख्यतः पेरू देशात पसरला होता आणि लोकांची ड्रॉइंग गुपचूप चीनमधल्या ई-मेल खात्यांवर पाठवत होता. म्हणूनच नवीन आवृत्त्यांमध्ये विश्वासू फोल्डरबाहेरची लिस्प उघडताना इशारा येतो. तो कटकटीचा वाटला तरी बंद करू नये. ड्रॉइंगसोबत आलेल्या फोल्डरमध्ये न मागितलेली लिस्प फाइल दिसली, तर ती उघडण्याआधी पाठवणाऱ्याला विचारावं.

नोकरी बदलली तर शॉर्टकटचं काय?

आरेच्या आजूबाजूला सीप्झ, अंधेरीची एमआयडीसी, पवई असा पट्टा आहे. तिथे इमारतींपासून दागिन्यांच्या डिझाइनपर्यंत कॉम्प्युटर ड्राफ्टिंगची कामं चालतात. अशा ठिकाणी मुलाखतीला गेलं की बऱ्याचदा अर्ध्या तासाची ड्रॉइंग टेस्ट असते, आणि ती त्यांच्या मशीनवर. 'सी' दाबल्यावर कॉपीऐवजी वर्तुळ आलं की हात गडबडतात.

त्यामुळे आयटीआयचा ड्राफ्ट्समन ट्रेड करणाऱ्यांनी किंवा नव्याने शिकणाऱ्यांनी पहिले काही महिने मूळ एलिअसच वापरावेत. ते हाताला बसले की मगच आपले घालावेत, आणि शक्यतो मोकळ्या अक्षरजोड्यांवर. स्वतःची पीजीपी फाइल ई-मेलवर किंवा ड्राइव्हवर ठेवावी. ऑफिसच्या मशीनवर ती टाकण्याआधी विचारावं, कारण तेच मशीन दुसऱ्या पाळीत दुसरं कुणीतरी वापरत असतं. ऑफिसमध्ये सगळ्यांची एकच फाइल असेल, तर उत्तमच.

ऑटोकॅड परवडत नसेल तरी शिकलेलं वाया जात नाही. ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅडमध्येही पीजीपी फाइल आणि लिस्प चालतं. फुकट मिळणाऱ्या लिब्रेकॅडमध्ये एलिअसची स्वतंत्र फाइल असते, तर फ्रीकॅडमध्ये पायथनचे मॅक्रो लिहिता येतात.

आणि काहीच बदलायचं नसेल तर? तरीही एक युक्ती लगेच वापरता येते. ऑटोकॅडमध्ये स्पेसबार एंटरचं काम करतो, आणि कमांड संपल्यावर पुन्हा दाबला की मागचीच कमांड परत सुरू होते.

शेवटी मोजणी का करायची?

आरेचं प्रकरण याच कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो रेल कॉर्पोरेशनला आणखी ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली. नंतर परवानगी १७७ झाडांची निघाली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने प्रकल्प अडकू नये म्हणून १७७ झाडं काढायला परवानगी दिली, पण ८४ च्या पुढे जाऊन थेट वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल कॉर्पोरेशनला १० लाख रुपये भरायला लावले. या फरकाचा ड्रॉइंग सॉफ्टवेअरशी संबंध नव्हता. पण झाडांच्या यादीतल्या आकड्याला कायद्यापुढे किती वजन असतं, ते यातून दिसतं.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' मानलं जातं. म्हणजे नकाशावरच्या प्रत्येक गोल चिन्हामागे एक क्रमांक, एक वय आणि एक निर्णय असतो. चिन्ह चुकीच्या लेयरवर गेलं, तर राहणारं झाड कागदावर तोडायच्या यादीत जाऊ शकतं.

म्हणून स्क्रिप्ट संपल्यावर तीन गोष्टी कराव्यात. एक, 'काउंट' कमांडने (२०२२ च्या आवृत्तीपासून आहे) किंवा 'क्यूसिलेक्ट'ने प्रत्येक लेयरवरची झाडं मोजावीत. दोन, ती बेरीज एक्सेलमधल्या ओळींशी जुळवावी. २,१८५ अधिक ४६१ बरोबर २,६४६ यायलाच हवेत, २,६४५ चालत नाहीत. तीन, छापील नकाशा घेऊन जागेवर जावं आणि मधली काही झाडं क्रमांकानुसार पडताळून पाहावीत.

शॉर्टकटने वाचलेल्या पावणेपंधरा तासांपैकी दोन तास या पडताळणीला दिले, तरी पावणेतेरा तास शिल्लक राहतात.